बिनकामाचीचं बारसं

बहात्तरच्या दुष्काळात सगळं सोलापूर घागरी घेऊन टँकरमागे पळत होतं, तेव्हा आमचे शेजारी शिवाप्पा दारात होडी बांधून घेत होते.

शिवाप्पा होटगी जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली, आता स्वतःचं वाहन पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी गिरणीत हिशेब लिहिणारा माणूस. ज्याचा ताळा जमत नाही ते मला पाहवत नाही.

"शिवाप्पा, पाणी कुठाय?" मी विचारलं.

"येतंय की! गाडी लेट हाय म्हनून कोन रूळ उपटून ठिवतं का?"

होडी बांधायला त्यांनी सुतार आणला तो हातमाग बनवणारा. त्या बिचाऱ्यानं होडी कधी पाहिलेली नव्हती. त्यामुळे ती पुढून निमुळती आणि मागून थेट हातमागासारखी चौकोनी झाली. डांबराचा वास मात्र अस्सल होता.

शिवाप्पांना वस्तूंना नावं द्यायचा भारी नाद. सायकलचं नाव 'उद्या बघू', छत्रीचं 'कुठं विसरलो', टेबलफॅनचं 'नुसता आवाज'. नावं रंगवलेलीही असत. होडीसाठी त्यांनी ठरवलं, 'पोहता येतं ना?'

त्यांच्या पत्नी पारूबाई म्हणाल्या, "असल्या नावाच्या होडीत कोन बसंल वो?"

"ज्याला पवता येतं त्यो."

"आनि ज्याला येत न्हाय?"

"त्यो इचारून बसंल. सिग्नल पडला!" सिग्नल पडला म्हणजे विषय संपला. त्यापुढे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

नाव ठरलं तर बारसंही रीतसर झालं पाहिजे, आणि बारशाला आत्या पाहिजे. शिवाप्पांची थोरली बहीण गौराक्का दुधनीला राहायची. त्यांनी ओळखीच्या गार्डाबरोबर निरोप धाडला: "बारसं हाय, तुझ्यावाचून अडलंय." चूक झाली ती इथं. बारसं कुणाचं, हे सांगायचं राहिलं.

शिवाप्पांना मूलबाळ नव्हतं. गौराक्काला वाटलं, भावानं उतारवयात का होईना, पण दत्तक घेतलं. ती कुंची, झबली, चांदीचे वाळे असं गाठोडं घेऊन टांग्यातून उतरली आणि उतरता उतरताच म्हणाली, "बाळ कुटं हाय?"

शिवाप्पांनी लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं. खाली होडी होती, फांद्यांना चार दोर बांधून जराशी उचललेली, झेंडूच्या माळा घातलेली.

गाठोडं गौराक्कानं पारूबाईंच्या हातात दिलं आणि पदर खोचला. बायका जमल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या, पाळणा म्हणून झाला. मग होडीचा कान कुठला यावर वाद झाला. टोक हे तोंड धरलं तर कान त्याच्या मागे, असा मी निवाडा दिला. शिवाप्पांनी बहिणीला नाव सांगून ठेवलं होतं. ती वाकली, "कुर्रर्र" केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. जरा जास्तच जोरात घातले. ती ताठ उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बिनकामाची!"

सगळ्यांना वाटलं, शिवाप्पा आता चिडणार. ते घरात गेले, रंगाचा डबा घेऊन आले आणि होडीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बिनकामाची'. गौराक्का संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

पुढे पाऊस पडला, हिप्परग्याचा तलाव भरला. होडी बैलगाडीतून तिथं नेली. रविवारी सहलीला येणाऱ्यांना फेरी मारून आणायची, असा शिवाप्पांचा बेत. लोक यायचे, नाव वाचायचे, हसायचे आणि शेजारच्या होडीत जाऊन बसायचे. "काका, हिचं काम काय मग?" एकानं विचारलं. "तुमाला बसवून घ्यायचं," शिवाप्पा म्हणाले. तरी तो बसला नाही.

असे बरेच रविवार गेले. शेवटी होड्यांवर देखरेख करणाऱ्या धक्क्यावरच्या साहेबांनी बजावलं, "रिकामी होडी जागा अडवते. येत्या रविवारी नाव बदलून आणा, नाहीतर घरी घेऊन जा."

मी तोडगा काढला. "पुढे फक्त 'नाही' लिहा. 'बिनकामाची नाही.' रंगही कमी लागेल."

"आत्यानं 'न्हाय' म्हटलं हुतं का?"

"नाही."

"मग? सिग्नल पडला."

ही हकिकत पारूबाईंनी दुधनीला कळवली असावी. त्या रविवारी आम्ही धक्क्यावर पोचलो, तर गौराक्का आधीच तिथं उभी. साहेबांना म्हणत होती, "नाव मी ठिवलं, मीच काढते. रागात ठिवलं वो मी." मग भावाकडे वळून, "शिवा, पूस ते. तुला पायजे ते लिव्ह."

"बेडा, आक्का. नगं."

"बेडा काय बेडा! होडी घरी न्यावी लागंल, कळतंय का?"

"नेतो की."

"आरं, पन का?"

शिवाप्पा होडीचा दोर सोडवायला वाकले होते. तसेच वाकून म्हणाले, "आमच्या घरात तू ठिवलेलं एवढं एकच नाव हाय. ते मी पुसू व्हय?"

साहेबांनी उगीचच टोपी काढून पुन्हा घातली. मी तलावाकडे पाहू लागलो. पाण्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

गौराक्कानं नाक पुसलं. चपला काढून हातात घेतल्या. "धर मला," ती म्हणाली. "पवता येत न्हाय, सांगून ठिवते." आणि शिवाप्पांच्या खांद्याला धरून होडीत उतरली. होडी डुगडुगली. "यप्पा! हळू की रं!"

होडी धक्क्यापासून सुटली. आजवर शिवाप्पांनी ती रिकामीच वल्हवली होती, त्यामुळे ती बरीच तिरकी चालली होती. गौराक्का त्यांना काहीतरी रागावून सांगत होती. शब्द ऐकू येत नव्हते. तिचा एक हात मात्र होडीच्या कडेवर होता. निजणाऱ्या लेकराला थोपटतात तसं ती फळीला हळूहळू थोपटत होती.