मांडी घालायची सोय

विमानातून कोणी उतरून आलं की माणसं विचारतात, काय पाहिलंत, काय आणलंत, फार तर जेवायला काय दिलं. आमचे दामूशेठ विचारायचे, "गुडघं कुठं व्हतं?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या कामाला दिल्लीला जाऊन आले होते. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. रिक्षातून उतरले, हातात बॅग, कधी एकदा चहा घेते असं झालेलं, आणि इमारतीच्या तोंडाशी हा गृहस्थ लुंगी-बनियनवर उभा. "वैनी, विमानानं आल्या ना? गुडघं कुठं व्हतं?"

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? पायांनाच होते की."

"ते झालं. पन ठेवलं कुठं? समोरच्या शीटला घासत व्हतं, का मधी हात जाईल येवढी जागा व्हती?"

मला असा संताप आला! परक्या बाईच्या गुडघ्यांची कोणी अशी भर रस्त्यात चौकशी करतं का? घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो पठ्ठ्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मलाही विचारलं होतं. मी सांगून टाकलं, घासत होते म्हणून. खूश झाले."

दामूशेठ म्हणजे दामोदर पाटील. काल्हेरला आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे एके काळी त्यांचं भात पिकायचं. पुढे आजूबाजूला गोडाऊनं आली, त्यांच्याही शेताची गोडाऊनं झाली, घरबसल्या भाडं यायला लागलं आणि पहाटे उठून चिखलात उतरायची सवय असलेल्या माणसाला दिवसभर करायला काही राहिलं नाही. अशा वेळी कोणी राजकारणात पडतं, कोणी बैलांच्या शर्यतीत. दामूशेठ विमानाच्या सीटमध्ये पडले. आणि गंमत अशी की तोवर ते स्वतः विमानात एकदाही बसले नव्हते.

इमारतीला लागूनच त्यांचं बैठं घर, पुढे मोठा ओटा. तिथे त्यांचा दरबार. त्यांचं म्हणणं सोपं होतं. माणसं दोन प्रकारे बूड टेकतात. मांडी घातली तर ते 'बसनं'. पाय लोंबकळत सोडले तर ते नुसतं 'टेकनं'. "मानूस टेकतो कवा? घटकाभरासाठी. रिक्षा येईपरत. दवाखान्यात नंबर लागेपरत. आता मना सांगा, येवढं पैसं घेऊन, येवढ्या वर नेऊन, चार-चार तास मानसाला टेकवून ठेवायचा? बसवायचा न्हाय? हा काय न्याय हाय?"

मी म्हटलं, "दामूशेठ, जगभरातली माणसं तशीच बसतात."

"टेकतात," ते म्हणाले. "खुर्चीवाल्या लोकांनी बनवलंय ते विमान. त्यांना मांडी घालता येती का इचारा." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी मानूस, मंग मशीन." आमची लिफ्ट बंद पडली की हेच वाक्य, मिक्सर जास्त आवाज करायला लागला की हेच वाक्य, आणि एकदा माझ्या नवऱ्याने नवा मोबाइल दाखवला तेव्हा त्याची बटणं दाबून बघत पुन्हा तेच वाक्य.

पुढच्या काळातली विमानं कशी असतील, हे त्यांना अगदी समोर दिसत असायचं. सीटखाली सरकती फळी असणार, ती ओढली की ऐसपैस मांडी. मागच्या बाजूला खुर्च्याच नाहीत, लग्नात घालतात तशी गाद्या-लोडांची बैठक, प्रत्येक लोडाला पट्टा. जेवणाला ते हातरुमालाएवढं फळकुट नाही, चांगलं ताट मावेल एवढा पाट. "भात कालवायचा म्हंजे कोपराला जागा नको?" कोपरावरून आठवलं. तीन सीटांच्या रांगेत मधल्या माणसाने कोपर कुठे ठेवायचं, हा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. मधे कायम जावई बसवायचा. एका बाजूला सासरा, एका बाजूला सासू. तो बापडा कोपर मागणारच नाही. मी विचारलं, "आणि ज्यांच्याबरोबर जावई नसेल त्यांनी काय करायचं?" "उसना आनायचा," ते म्हणाले.

दुमजली विमान येणार अशी बातमी पेपरात आली त्या दिवशी तर ते पेपर घेऊन आमचा जिना चढून आले. "बघा वैनी! मी बोललो व्हतो. वरच्या मजल्याला जाजम टाकनार ते. दुसरा कशाला करतील वरचा मजला?"

मग एके दिवशी ओट्यासमोर टेम्पो आला आणि त्यातून एक खरीखुरी विमानाची सीट उतरली. तीन खुर्च्यांची अख्खी रांग. दामूशेठच्या गोडाऊनमधला एक भाडेकरू भंगाराचा व्यापार करायचा, त्याच्याकडे कुठल्याशा मोडीत काढलेल्या विमानाचा माल आला होता. निळं कापड, मधल्या खुर्चीवर चहाचा भलामोठा डाग, पण पट्टे शाबूत. ती रांग ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसवली गेली. समोरून कंटेनर चाललेत, धूळ उडतेय, आणि ओट्यावर तीन माणसं कमरेला पट्टे लावून बसलीत, हे दृश्य आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही खास गॅलरीतून दाखवायचो. पट्ट्याशिवाय बसायची परवानगी नव्हती. पोस्टमन असो, रिक्षाची वाट बघणारी कोणी म्हातारी असो, आधी पट्टा. कोळीण आली आणि तिने मासळीची पाटी सीटखाली सरकवली, तेव्हा दामूशेठना भरून आलं. "हिला कोनी शिकवलाय? सामान शीटखालीच ठेवायचा असतो."

त्या रांगेला सरकती फळी बसवायचं काम त्यांनी इस्माईलभाईंना दिलं. हे कामतघरच्या एका लूमच्या कारखान्यातले फिटर. यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस, विमानाशी त्याचा काय संबंध? ते म्हणायचेही, "सेठ, प्लेन में पालथी मारके कौन बैठता है?" दामूशेठ म्हणायचे, "तुम बनाओ तो! जागा न्हाय तो कौन मारेगा?" असं दोघांचं शुक्रवारच्या शुक्रवारी, लूम बंद असायच्या दिवशी, वाद घालत घालत काम चालायचं.

आणि फळी झाल्यावर पहिला मान कोणाला? मला. का, तर मी विमानात बसलेली. त्या शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघालेली, रिक्षावाला समोर उभा. "वैनी, घटकाभर." चपला काढून मी वर चढले, फळी ओढली, मांडी घातली, पट्टा लावला. खरं सांगते, छान वाटलं. मग उठायला गेले तर फळी आत जाईना आणि पट्टा सुटेना. दामूशेठ इकडून ओढतायत, इस्माईलभाई तिकडून, "मॅडम, साँस अंदर लो! और अंदर!" रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रकवाला वेग कमी करून बघून घेतोय. शेवटी आतून दामूशेठच्या पत्नी, यमुनाबाय, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. त्यांनी पट्ट्याच्या कडीत तेल सोडलं, एक हिसका दिला, मी सुटले. "यांना म्हनावं," त्या मला म्हणाल्या, "सोता एकदा बसा विमानात नि मंग लोकांना शिकवा." आणि बाटली घेऊन परत आत गेल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावातला प्रत्येक माणूस त्या सीटवर बसून गेला होता, पण यमुनाबाय मात्र एकदाही बसल्या नव्हत्या. आणि दामूशेठनीही त्यांना कधी बस म्हटलं नव्हतं.

तसं त्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एकुलती एक लेक सुनीता मस्कतला. तिच्या पहिल्या बाळंतपणाला यमुनाबाय निघाल्या होत्या. ओळखीच्या एका जोडप्याबरोबर विमानापर्यंत पोचल्या, आत जाऊन बसल्यासुद्धा, आणि गुडघे इतके आखडले म्हणे, की उतरून परत आल्या. सुनीता तिथे परक्या देशात एकटी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, आणि आई नाही. पुढे कितीतरी महिने ती फोनवर फक्त बापाशी बोलायची.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं, म्हणजे माहेरी येणं नाहीच. तिचा फोन आला, आई येणार असेल तर नक्की सांगा, नाहीतर मी सासूबाईंना बोलावते. त्या दिवसापासून दामूशेठच्या ओट्यावरचं हसणं-खिदळणं बंद झालं. ते इस्माईलभाईंना एकच विचारत बसायचे, अशी फळी घडी करून बॅगेतून नेता येईल का.

एका दुपारी मी यमुनाबायकडे गेले. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या डिंकाचे लाडू वळत होत्या. बाळंतिणीसाठीच, हे विचारायची गरज नव्हती. मी पाणी मागितलं, आणि त्या उठल्या. हात न टेकता. एका दमात, तरण्या पोरीनं उठावं तशा.

मी बघतच राहिले. "यमुनाबाय, तुमचे गुडघे?"

त्यांनी पाणी दिलं, परत तशाच खाली बसल्या. "माझ्या गुडघ्यांना काय झालाय? हयातभर भाताची लावनी केलीय या गुडघ्यांनी."

"मग तेव्हा?"

"तवा मी घाबरले, वैनी." त्यांनी लाडू तसाच परातीत ठेवला. "शीटवर बसले, पट्टा लावला, नि छातीत असा धडधडाया लागला. वाटला, आता हे दार लावतील नि मी हितंच मरेन. पोटची पोर तिथं वाट बघतेय, ती आठवलीच न्हाय मना. बघा, पोर आठवली न्हाय! रडून रडून उतरले. टॅक्सीतनं घरी आले तर हे ओट्यावर. मना वाटला, आता इचारतील, का आलीस? काय सांगू? यांनी माझ्याकडं बघितला नि येवढाच इचारला, 'शीट अडचनीची व्हती का गो?' मी बोलले, 'हां.'"

त्यांनी तोच लाडू पुन्हा वळायला घेतला.

"दुसऱ्या दिशी हे सगल्या गावाला सांगत फिरले. विमानाच्या शीटा वाईट हायेत, गुडघ्याला जागा न्हाय, माझी बायको कशी बसंल? तवापासून चाललंय. कोन मना नावं ठेवील म्हनून सगल्या जगाच्या विमानांना नावं ठेवतात."

"त्यांना खरं माहीत आहे?"

"सगला म्हाईत हाय. मी एकदा सांगाया गेले, तर ऐकून न्हाय घेतला. हे ओट्यावर जाऊन पट्टा लावून बसले."

इतके दिवस मी त्या माणसाची पाहुण्यांना गॅलरीतून गंमत दाखवत होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्यानेही पेपर खाली ठेवला.

दोघांची तिकिटं निघाली. या खेपेला दामूशेठही बरोबर जाणार होते. निघायच्या दिवशी अंगणात सगळी आळी जमली. गाडीत बॅगा चढल्या, लाडवांचा डबा चढला. यमुनाबायची चुलत जाऊ पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जप गो, यमुने. गुडघ्यांचा बघ बाय. मागच्यासारखा नको व्हाया."

दामूशेठ लगेच सरसावले. "शीटच तशा असतात! मानसाचा इचारच क—"

"गुडघं चांगलं हायेत माझं," यमुनाबाय म्हणाल्या.

मग त्या सगळ्यांकडे वळल्या.

"तवा मी घाबरून पलाले. शीटला कायपन झाला नव्हता. आतापन घाबरलेय, हे बघा, हात बघा माझा." त्यांनी हात पुढे केला. "पन चाललेय."

दामूशेठचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. बायकोचं घाबरणं एवढी वर्षं सगळ्यांपासून झाकून ठेवलेलं, आणि तिने भर अंगणात स्वतःच सांगून टाकलं. ते एकदम चिडले. "कोनी इचारला व्हता तुला? आं? कोनी इचारला?" शेवटी शेवटी आवाज फाटला.

"कोनीच न्हाय इचारला म्हनून सांगितला. चला, बसा गाडीत."

ते मुकाट्याने बसले. गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही, पण त्यांनी तिचा तो हात घट्ट धरलेला काचेतून दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना फोन वाजला. परदेशाचा नंबर. "वैनी, पोचलो."

"यमुनाबाय?"

"रडली. दार लावला तवा जाम रडली. पन उतरते बोलली न्हाय."

"आणि सुनीता?"

"ती दारातच आईच्या गल्यात पडली. कवापासून दोघी आतल्या खोलीत हायेत. मना भायेर काडला. मी गॅलरीत उभा हाय." मला वाटलं फोन कटला. "वैनी, जरा बोला ना."

"काय बोलू, दामूशेठ?"

"कायपन बोला. फोन ठेवू नका."

मग मी सांगायला लागले की आज पाण्याचा टँकर आला नाही, सोसायटीत नुसता आरडाओरडा, सेक्रेटरी घराबाहेर यायला तयार नाही. पलीकडून "हां... हां..." येत होतं, मधे नाक ओढल्याचा आवाज. माझ्याकडचं सांगण्यासारखं संपलं, तरी त्यांचं "हां" थांबेना. तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून टँकरचंच सांगायला सुरुवात केली, आणि त्यांनी मला अडवलं नाही.