खिळ्याला टांगलेला पुरावा

"आज त्या एर्गशला तंदूर विकायला लावते की नाही बघा!" फाटकात उभ्या राहून मुकद्दस आपा शेजारणींना सांगत होत्या.

ग्राहकांच्या वतीने भांडणं हा आपांचा नुसता पेशा नव्हता, श्वास होता! त्या दिसल्या की समरकंदातल्या खाटकांचे तराजू आपोआप सरळ व्हायचे. नान भाजणारा एर्गश नानवाई मात्र कमी वजनाचे नान विकायचा आणि वर मिशीत हसायचा. शेवटी आपांनी साक्षीदारांसमोर त्याचा एक नान उचलला, कापडात बांधला, लाखेचं सील ठोकलं. दुपारी कोर्टात तो तोलला की खेळ खलास!

नेमका त्याच सकाळी त्यांचा एकुलता एक इल्होम सैन्यात निघाला होता. भाषण आवरून आपा धावत आत आल्या, लेकाला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले. गाडी वळणाआड गेली. मग त्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला नान! खाली फुटलेली लाख!

"अम्मा! हा पुरावा होता!"

"तुझ्या भाषणापायी निरोपाचा नान आणायचा कोणी?" सासूबाई कडाडल्या. "फळीवर सापडला, पोरानं निघताना रीतीप्रमाणे घास तोडला, मी टांगला. आता तो परत येऊन संपवेल. तोवर हात लावून तर बघ!"

आपांनी हात पुढे केला. इल्होमच्या दातांची खूण दिसली. हात मागे आला.

"पुरावा कुठाय?" दुपारी न्यायाधीशांनी विचारलं.

"भिंतीवर, साहेब. मुलानं सैन्यात जाताना घास तोडलाय."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "सुखरूप परत येवो!"

"आमीन!" सगळ्या कोर्टाने तोंडावरून हात फिरवले. एर्गशनेसुद्धा! खटला इल्होम परतेपर्यंत तहकूब.

"आणि तेव्हा तोललात, तर तो घास माझ्या माथी मारू नका हं, आपा!" एर्गश म्हणाला.

आठवड्याभरात त्याच्या दुकानावर पाटी झळकली: 'मुकद्दस आपांच्या घरी लेकासाठी टांगला, तो याच तंदूरचा नान!' खाली बायांची ही रांग!

खोट्या जाहिरातीचा कायदा काखोटीला मारून आपा तरातरा गेल्या. पाटी वाचली. पुन्हा वाचली. एक शब्द खोटा निघेल तर शपथ!

"एर्गश," त्या हळूच म्हणाल्या, "टिकेल ना रे तो? पोरगा येईपर्यंत?"

"वजनाचं विचारू नका, आपा. टिकण्याची हमी माझी!"

आपांनी इकडेतिकडे पाहिलं.

"लेखी दे."