पर्यायी व्यवस्था

म्हात्रेकाका कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. लिफ्टमध्ये शिरले की आधी धोक्याची घंटा वाजवून बघतात, मग मजल्याचं बटण दाबतात. कॅन्टीनमध्ये बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात. कोणी पेन दिलं तर आधी तळहातावर दोन रेघा ओढतात. आपण बघत राहिलो तर एकच शब्द बोलतात, "टेस्टिंग."

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात ते मेन्टेनन्स बघतात. पंप, जनरेटर, एसी, आग विझवायचे लाल सिलिंडर, सगळं त्यांच्याकडे. राहायला कोपरीत, घरच्याच जागेवर झालेल्या बिल्डिंगमध्ये. आजोबा मिठागरात होते. "मीठ झालाय का नाय, चाखल्याशिवाय समजत नाय," असं काका सांगतात. टेस्टिंगचं मूळ तिथे असावं असा माझा अंदाज आहे.

दर सोमवारी सकाळी त्यांचा राउंड असतो. जे बंद सापडेल त्यावर पाटी लागते. मजकूर ठरलेला. वर 'बंद आहे', खाली 'पर्यायी व्यवस्था' आणि पुढे ती व्यवस्था. लिफ्ट बंद असेल तर 'जिना'. दुसऱ्या मजल्यावरचा वॉटर कूलर बंद असेल तर 'तिसरा मजला'. नुसती 'बंद आहे' अशी पाटी त्यांनी आजवर लावलेली नाही. "बंद हाय बोलून मोकला व्हायचा, मग मानसानं जायचा कुठं?" हा त्यांचा सवाल असतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने आमच्या मनाची काळजी घ्यायचं ठरवलं. आठवडाभर 'मन मोकळं करा' मोहीम चालली. एचआरच्या रिया मॅडमनी सगळ्यांना पिवळ्या फिती लावल्या, स्ट्रेस बॉल वाटले. एक दिवस दुपारी चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये सामुदायिक हसणं झालं, हजेरी घेऊन. हसण्यात तास गेला म्हणून त्या दिवशी आम्ही सगळे आठपर्यंत थांबून काम संपवलं. उरलेले स्ट्रेस बॉल म्हात्रेकाकांनी मागून नेले आणि पंपाच्या मोटरखाली बसवले. "लय थरथरत होती. आता शांत हाय," असं त्यांनी मला सांगितलं. मोहिमेचा मी डोळ्यांनी बघितलेला फायदा तो एवढाच.

फायद्याची गरज खरं तर मला होती. बाबा जाऊन चार महिने झाले होते. मी डोंबिवलीहून वेळेवर यायचो, मेलना उत्तरं द्यायचो आणि दिवसातून दोनदा फायर एक्झिटच्या जिन्यात जाऊन बसायचो. छाती धडधडायची, हात ओले व्हायचे, आता मरतो की काय असं वाटायचं. आईला सांगायची सोय नव्हती, ती स्वतःच कशीबशी उभी होती. ऑफिसात कोणी विचारलं तर मी "मस्त" म्हणायचो. मला भीती वाटत होती आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटत होती.

मोहीम संपली तरी प्रत्येक मजल्यावर तिचं पोस्टर होतं. कानाला हेडफोन लावलेली हसरी बाई, 'आम्ही ऐकतोय' असं लिहिलेलं आणि खाली हेल्पलाइनचा नंबर. एका दुपारी जिन्यात बसूनच मी तो लावला. बासरी सुरू झाली. मधूनमधून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं कोणीतरी सांगायचं. अकरा मिनिटं बासरी ऐकल्यावर फोन आपोआप कट झाला. मी तोंड धुऊन जागेवर जाऊन बसलो.

पुढच्या सोमवारी आलो, तर प्रत्येक पोस्टरवर पाटी. 'बंद आहे. पर्यायी व्यवस्था : पंप रूम, तळमजला. चहा मिळेल.'

नेमके त्याच दिवशी मोठे साहेब मोहिमेचा आढावा घ्यायला येणार होते. रिया मॅडमनी काकांना बोलावलं तेव्हा मी समोरच्याच टेबलावर होतो.

"म्हात्रे, हे काय आहे?"

"नंबर लागत नाय मॅडम. पाच सोमवार टेस्टिंग केली."

"ती हेल्पलाइन आहे. टेस्टिंगसाठी नाहीये."

"फायरचा सिलिंडर पन टेस्टिंगसाठी नाय, आगीसाठी हाय. म्हनून तर बघतो."

मॅडमनी तिथल्या तिथे नंबर स्पीकरवर लावला. आम्ही तिघांनी अकरा मिनिटं बासरी ऐकली. फोन कट झाल्यावर मॅडम खाली बसल्या. बाई वाईट नव्हत्या. "मी बोलते त्यांच्याशी," म्हणाल्या. पण साहेब यायच्या आत पाट्या काढायला लावल्या, पोस्टरं राहिली.

मी मात्र मजकूर वाचला होता. बुधवारी पंप रूममध्ये गेलो. काकांनी एक स्टूल हलवून बघितलं, मला दिलं आणि चहा ठेवला. पंपाच्या आवाजात बोललेलं बाहेर जात नाही. मी बोललो आणि बोलता बोलता रडलो. काका ऐकत होते. एकदाच उठून व्हॉल्व्ह बघून आले.

"सुहास, ह्या माझ्याच्यानं व्हायचा नाय," ते शेवटी म्हणाले. "मी चहापुरता. ह्याला जानकार मानूस पायजे."

पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. कल्याणच्या एका डॉक्टर बाईंचा पत्ता होता, मानसोपचारतज्ज्ञ.

"शनिवारी जाऊन आलो. बाई चालू हाय. घड्यालाकडं बघत नाय."

"तुम्ही गेलेलात? पेशंट म्हणून?"

"मग टेस्टिंग कशी करनार?"

"काय सांगितलंत त्यांना?"

काकांनी पंपाचा एक नट हलवून बघितला. "होता कायतरी."

मी गेलो. अजून जातो. हळूहळू जिन्यात बसणं सुटलं.

मध्यंतरी एका संध्याकाळी काका मला कोपरीला घरी घेऊन गेले. दाराला कुलूप होतं. काकांनी आधी बेल दाबली. थोडं थांबले. मग किल्ली काढली. आत भिंतीवर काकींचा फोटो होता, हार घातलेला. काकी गेल्याचं ऑफिसात आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं, याचं मला तिथे उभ्याउभ्या फार वाईट वाटलं.

"बेल कशाला वाजवलीत काका?"

"टेस्टिंग," ते म्हणाले. मग चपला नीट लावत म्हणाले, "तीन वर्सं झाली. बेल वाजवली का आतून ओरडायची, 'आली, आली'. त्या डॉक्टर बाईला ह्याच सांगितला."

घरात दूध नव्हतं. मला बसवून ते खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, किल्ली त्यांच्या खिशात होती. तरी पाच मिनिटांनी बेल वाजली.

"आलो, आलो," मी आतून ओरडलो.

दार उघडलं. काका दुधाची पिशवी घेऊन उभे होते. बराच वेळ आत आलेच नाहीत. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालू हाय."