दिवा लागला, सर!

नव्या विज्ञान शिक्षकांना आदर्श पाठ दाखवायचा म्हटलं की सरांनाच बोलावणं जाई आणि पाठ दर वेळी तोच असे: सेल, वायर, छोटा बल्ब. आम्हा मास्तर मंडळींना एक पाठ जमला की तो पेन्शनपर्यंत पुरतो. वर्गही ठरलेला. पोरांना प्रश्न इतके पाठ, की सर नुसते खाकरले तरी कुणीतरी उत्तर दिलं असतं.

या खेपेला मागच्या बाकांवर, नव्या शिक्षकांत, सरांची सख्खी भाची होती. मामासारखं शिकवायचं म्हणूनच पोरगी या पेशात आली होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट सावरला आणि ऐटीत वायर जोडली. बल्ब ढिम्म.

"लागला, सर!" वर्ग एका सुरात ओरडला.

"नीट बघा," सर म्हणाले.

नेमका हाच पाठातला पुढचा प्रश्न होता. "आतली तार चमकतेय, सर!"

"अरे, पण खरंच..."

"खरंच, सर! वायर काढली की विझतो!"

सरांनी हताश होऊन वायर काढली. "विझला!" म्हणून वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पाठानंतर प्रशिक्षणाच्या मॅडमनी नव्यांना विचारलं, "काय पाहिलंत?"

"दिवा लागला," एकेक जण सांगत गेला. भाची उठली. "मॅडम, लागलाच नाही."

"निरीक्षण फारच कच्चं आहे तुमचं. प्रशिक्षण पुन्हा करावं लागेल."

पोरीचा चेहरा पडला. सरांना स्वतःची लाज वाटली. ते कसेबसे म्हणाले, "तिचं बरोबर आहे. दिवा लागला नव्हता."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "वा, सर! म्हणजे मुद्दाम! आमचं निरीक्षण तपासायला!"

सरांनी खुलाशासाठी तोंड उघडलं. पण सगळे हात मिळवायला धावले, तेव्हा ते आपसूक मिटलं.

घरी जाताना भाचीने विचारलं, "मामा, खरंच मुद्दाम केलंस?"

"म्हणजे काय! परीक्षाच होती तुमची."

"हं. मग शर्ट घामाने पाठीला का चिकटला होता?"

सर चालता चालता थांबले. इतकी वर्षं आदर्श पाठ दिले, पण पाठ खरोखर बघणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटलं होतं.

"सेल संपला होता गं," ते म्हणाले. "पुढचा पाठ तूच घे. मी मागे बसून बघतो."