उलट्या तारेची जोडी

दवनीवाड्यात जोडी जुळवावी तर मनोहरलालनं, म्हणजे मी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, माझे बैल असे सुटत, की ते दोरीपार जाऊन रवंथ करत आणि त्यांच्या सावल्या मागून धापा टाकत येत.

पट बंद झाले, त्या हिवाळ्यात नात योगेश्वरीनं रोबो बांधला. गोंदियाच्या कॉलेजात स्पर्धा होती. लाकडी चढावर धानाची थैली चढवायची. जमलं तर नागपूरची फेरी, नाही तर, तिचा बाप खुमेंद्र म्हणाला, "हे खोकं माळ्यावर."

रोबोची एकुलती मोटार निम्म्या चढावरच हात टेकत होती.

"एका बैलानं चढ चढते का कुठं?" मी म्हणालो. "जोडी लाव."

तिनं मधल्या दातेरी चाकाच्या दोन अंगांना दोन मोटारी समोरासमोर बसवल्या. मी उन्हात खाटेवर लवंडलो. बघतो तर मोटारींना शिंगं फुटलेली, गळ्यात घुंगरू, आणि योगेश्वरी सोनेरी धुळीतून रोबो हाकत थेट ढगावर चढलेली.

घुंगरांचं गुंऽऽ झालं आणि जाग आली. रोबो जागच्या जागी हिवताप आल्यासारखा थरथरत होता.

"काऊन उभा आहे हा?"

"भांडून राहिल्या दोघी, आबाजी. समोरासमोर आहेत न. एकीचं पुढं ते दुसरीचं मागं. मी थैली भरून आणते. तुम्ही एकीच्या दोन तारा अदलाबदल करा. बस निघायची आहे."

एकीच्याच? जोडीत भेद? आमच्याकडे एका बैलाच्या शिंगांना तेल लावलं तर दुसऱ्याच्याही लावतात, नाही तर तो रुसते. मी दोघींच्या बदलल्या.

स्पर्धेत चढाच्या पायथ्याशी रोबोला पुन्हा हिवताप. दोन मिनिटं उरलेली.

"आबाजी, एकीच्याच बदलल्या न?"

"नाही बेटा. न्याय केला."

ती झटकन गुडघ्यावर बसली, एकीच्या तारा उलटवल्या. रोबो थैली घेऊन असा चढला, जसा जावई पहिल्यांदा सासरी जाते. सोबत आलेला खुमेंद्र घसा खाकरून म्हणाला, "नागपूरची बस किती वाजता आहे?"

घरी येऊन राजकुमारीला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं रंगवून सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"यात नवल काय जी? समोरासमोर बसलेल्या दोघांतल्या एकानं उलटं फिरल्याशिवाय गाडा चालत नाही. चाळीस वर्षं मी काय हौसेनं फिरून राहिली?"

मी तिच्या समोरच बसलो होतो. उठलो आणि शेजारी जाऊन बसलो.