श्रीरंगपंतांनी बर्फतोफेचे कूळ शोधिले त्याची हकीकत

शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सर, पौष मास. मुक्काम ॲन आर्बर, प्रांत मिशिगन, जेथे बर्फाचा अंमल एकदा बसला म्हणजे चैत्र उजाडला तरी उठत नाही, तेथील श्रीरंगपंत आठल्ये, मूळ वस्ती पुणे, यांनी एका निनावी तोफेची परीक्षा करून जो पराक्रम केला तो चार लोकांस ठाऊक असावा, आणि मागाहून ज्याने त्याने आपल्या सोयीचा इतिहास सांगू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले असे. तोफ म्हणजे दारूगोळ्याची नव्हे. तीस त्या मुलखी स्नोब्लोअर म्हणतात. तिच्या मुखी मळसूत्री पाती फिरतात, ती दारापुढील बर्फ गिळतात, आणि वरील धुराडे तेच बर्फ शेजाऱ्याच्या हद्दीत फेकते.

पंतांचे शेजारी ज्ञानदेव मेश्राम, नागपूरकर, विद्यापीठी संशोधन करून होते. त्यांस दूर पश्चिमेस सनीव्हेल गावी संगणकाच्या चिपा करणाऱ्या कंपनीत जागा मिळाली, आणि तिकडे बर्फ म्हणून पडत नाही, मग आपली तोफ कोणास द्यावी ऐसा विचार करून त्यांनी ती पंतांचे हवाली केली आणि मोबदला काही मागितला नाही. फुकट आलेल्या वस्तूस खोड असलीच पाहिजे, ही पंतांची घराणेदार समजूत. त्यांनी तोंडभर आभार मानिले आणि मनी संशय धरिला.

तोफेची निकडही तैसीच होती. पंतांच्या कुटुंब दीपाबाई यांची डॉक्टरेटची अखेरची तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती. ही परीक्षा पूर्वी दोनदा पुढे गेली होती, एकदा बाळंतपणामुळे आणि एकदा पंतांनी पूर्वेकडील पिस्कॅटवे गावचे ठाणे सोडून मिशिगनावर स्वारी केली त्यामुळे. आता परगावचे एक वृद्ध परीक्षक विमानाने येणार आणि सायंकाळी परतणार होते. ही संधी हुकली तर सारे उन्हाळ्यावर जाणार, आणि बाईंसाठी राखून ठेविलेली नोकरीही दुसऱ्यास जाणार. घर गावाबाहेर, बस तेथवर येत नाही, सबब त्या सकाळी मोटार दारातून निघालीच पाहिजे, एवढी एकच गोष्ट बाईंनी पंतांकडे मागितली होती.

पंतांनी ती शिरावर घेतली आणि प्रथम काय केले, तर मसलत भरविली. मसलतीस गुरुदत्त कारखानीस आले, जे पंत चाकरीस होते त्याच मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि लोखंडाची नस ओळखतो ऐसे स्वमुखे सांगत, आणि प्रल्हादराव आले, ज्यांस कशातले काही कळत नसून मत मात्र प्रत्येक बाबीत असे. ज्ञानदेवांसही निरोपाचे जेवण म्हणोन बोलाविले. मग गॅरेजात दिवा लावून तोफ मधोमध उभी केली आणि मुलगी दाखवावयास आणावी तैसी तिची चौकशी आरंभिली. अंगावरील नाव कोणी ऐकिले नव्हते. कोठे घडविली ती चिठ्ठी झिजून गेली होती. प्रल्हादराव म्हणाले की तैवानची असावी, आणि पौषात नवी वस्तू घरात घेऊ नये तो दोष वेगळाच. गुरुदत्तरावांस जपानी वास आला. हे ऐकून पंतांचा चेहरा उतरला, कारण त्यांचे कारखान्यात त्या वर्षी जपानी मोटार आणणाऱ्यास दूरच्या मैदानात उभी करावी लागे, आणि साहेब लोक कधी घरी आले आणि दारात विलायती तोफ दिसली तर इभ्रत ती काय राहिली? स्वतः पंत पुण्याहून आले होते, पण ती गोष्ट त्या समयी कोणाचे स्मरणात आली नाही.

मग परीक्षा. गुरुदत्तरावांनी मडके वाजवून घ्यावे तैसे पत्र्यावर टिचक्या मारिल्या. फ्रिजवरचे लोहचुंबक आणून सर्वांगास लाविले. रंग नखाने खरवडिला. प्रल्हादरावांनी चाकास लाथ मारिली, कशासाठी ते त्यांस विचारू नये. अखेर पाती दांड्यास जोडणारी एक पिन हाती लागली, ती गुरुदत्तरावांनी कानशीने घासून पाहिली, तो मऊ! इतुक्या जोखमीच्या जागी इतुके हलके लोखंड, येथेच कूळ कळले, ऐसा निवाडा त्यांनी दिला आणि खिशातून कारखान्याचा कडक पोलादी बोल्ट काढून त्या जागी दस्तुरखुद्द ठोकिला. सभेने माना डोलाविल्या. दीपाबाई तेथूनच दोनदा गेल्या, आणि सभेने त्यांस चहा हवा की कॉफी एवढेच काय ते विचारिले.

ज्ञानदेव इतका वेळ भिंतीस टेकून ऐकत होते. त्यांनी सांगितले की तीन हिवाळे ही मशीन एका दोरीत सुरू होते. त्यावर पंत म्हणाले, ते सारे खरे, पण मूळ घराणे कळलेले बरे. तेव्हा ज्ञानदेव इतुकेच बोलले, "श्रीरंगराव, कूळ विचारून स्नो हटत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच विचारून झालंय."

मग पंतांनी जेवण वाढल्याचे जाहीर केले आणि तो विषय श्रीखंडाखाली गेला.

परीक्षेचा दिवस उजाडला तो गुडघाभर बर्फ घेऊनच. त्यात सरकारी नांगरगाडीने रस्ता साफ करिताना सारा ढीग पंतांचे दारात लोटिला, आणि तेथे किल्ल्याचा तट उभा राहिला. पंत कानटोपी, हातमोजे आणि दुहेरी विजारी ऐसा सरंजाम चढवून निघाले. दोरी ओढिली, तोफ पहिल्या हाकेस गर्जली, बर्फ आकाशी उडो लागले आणि पंतांस आपण मोहीम मारिली ऐसे वाटले. इतुक्यात बर्फाखाली इंग्रजी अखबार गुंडाळलेला, गोठून मुसळासारखा पडला होता, तो पात्यांत अडकला. कडक बोल्ट जागचा हलला नाही. खाडकन आवाज जाहला, गिअरबॉक्स दुभंगला, तेल बर्फावर सांडिले आणि तोफ निजली.

दीपाबाई कोट घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या आणि तोफेच्या मुखाशी वाकल्या. पिन कोणी बदलली ऐसे विचारिले. पंतांनी मोठ्या उमेदीने कळविले की गुरुदत्तचा बोल्ट दुप्पट मजबूत आहे.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "ती पिन मोडायसाठीच असते रे. पिन मोडली की बाकीचं मशीन वाचतं. तुम्ही लोकांनी तिचं काम गिअरबॉक्सला दिलंत."

येथे नमूद करणे प्राप्त आहे की बाईंच्या प्रबंधाचा विषयच धातू कोठे आणि का तुटतो हा होता. सहा वर्षे पंतांच्याच संसारात तो लिहिला जात होता. दीपाबाईंचे डोळे भरून आले, आणि ते तोफेसाठी नव्हते. पंतांनी फावडे उचलिले खरे, पण दहा घावांत कंबर धरून बसले.

ज्ञानदेवांचे प्रयाणही त्याच दिवशी होते. त्यांचा भाड्याचा ट्रक, आत गाद्या, पुस्तके आणि मिक्सर ऐसा संसार भरून, साफ झालेल्या रस्त्यावर उभा होता. त्यांनी पाहिले, समजले आणि काही न विचारिता तट ओलांडून येऊन बाईंस हात दिला. बाई बर्फाचा डोंगर चढून उतरल्या आणि ट्रकात बसल्या. पश्चिमेस जाणारी स्वारी आधी विद्यापीठी वळली. परीक्षेत वृद्ध साहेबांनी घरगुती दाखला मागितला, तेव्हा बाईंनी नवऱ्याच्या तोफेतील बोल्ट सांगितला. साहेब हसले, मग आणखी कठीण विचारिले, बाईंनी तेही परतविले, आणि दीपाबाई डॉक्टर जाहल्या.

तिकडे मसलतीने निकाल लाविला की तोफ हलकी होती हे आमचे अनुमान खरे ठरले. डॉक्टरबाईंनी हुकूम केला की पंतांनी सुटा भाग स्वतः आणून बसवावा, आणि मशीन कोणी मोडले ते ज्ञानदेवांस फोनवर सांगावे. पंत दुकानी गेले आणि तेथे भलतेच निघाले. शेजारच्या विस्कॉन्सिन प्रांती ज्या बड्या अमेरिकन घराण्याच्या तोफा निघत, ज्यांचे नाव घेता गुरुदत्तराव उभे राहत, तेथेच हीही जन्मली होती. रंग निराळा, चिठ्ठी निराळी, बाकी सख्ख्या बहिणी. त्या सायंकाळी सर्वांनी एकमुखे सांगितले की घराणे चांगले आहे हे आम्हास प्रथमपासून वाटतच होते, आणि तोफेस गॅरेजात मोटारीशेजारी मानाची जागा दिली.

मग पंतांनी सनीव्हेलास फोन लाविला. हवापाण्याचे झाले, घरभाड्याचे झाले, आणि मग पंत उत्साहाने बोलले, "अहो, मशीनचं घराणं मोठं निघालं बरं का."

पलीकडून ज्ञानदेवांनी शांतपणे विचारिले, "आणि नसतं निघालं, तर फोन केला असता?"

डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या. पुण्यात वाढलेल्या माणसास अशा प्रश्नास दहा उत्तरे सुचतात, तशी सुचली, आणि पंतांनी ती सर्व गिळिली.

"नसता केला," पंत म्हणाले. "आणि मशीन आम्हीच मोडलं."

या मोहिमेत पंतांनी फत्ते केली ती हीच, आणि ती फार जड गेली, सबब ती त्यांच्या नावे येथे दाखल केली असे.