माळ्यावरचा अधिकृत वारा

चैत्र वद्य पंचमी. आभाळ कोरडं, वारा पडलेला, सावलीतले दगडही तापलेले. अशा दिवशी, मुलांनो, एका जंगलात एक खार माळ्यावर चढली आणि लगेच खाली उतरली.

खारीचं नाव हौसाक्का. माळा होता गवेरावांच्या गॅरेजवर. गवेराव म्हणजे त्या जंगलाचे राजे, चांगला धिप्पाड गवा. त्यांची मोटार खाली सावलीत उभी असे. ती कुठे जात नसे, कारण गवेराव तिच्यात मावत नसत.

वर माळ्यावर, पत्र्याखाली, अख्ख्या जंगलाचं भुईमुगाचं बियाणं होतं. सत्तावीस पोती. राखण हौसाक्काकडे.

बियाणं फार तापलं की आतला कोंब मरतो. दाणा दिसायला तसाच राहतो. पेरणीला दोन महिने होते आणि जंगलात दुसरं बियाणं नव्हतं.

हौसाक्काने भिवा सुतारपक्ष्याला हाक मारली. भिवाने आत डोकं घातलं आणि मागे घेतलं.

"आक्का, वर भट्टी लावलीय का?"

"थट्टा पुरे. दोन भोकं पाड. एक पश्चिमेला, पोत्यांच्या बुडाशी. दुसरं पूर्वेला, अगदी आढ्याखाली."

"एकात भागव की! माझी चोच काय फुकटची आहे?"

"गार हवा खालून शिरते, तापलेली वरून निघते. एका दाराने कसं भागेल?"

भिवाने दोन्ही भोकं पाडली. खिळ्याला टांगलेला तापमापक दुपारी एक्कावन्न दाखवायचा. दुसऱ्या दुपारी त्याने एकोणचाळीस दाखवले.

तिसऱ्या दिवशी राजाचे कारभारी सांबरसाहेब आले. त्यांनी भोकं खालून पाहिली, वरून पाहिली.

"ही कुणाच्या हस्ते झाली?"

"भिवाच्या चोचीने," हौसाक्का म्हणाली.

"तसं नव्हे. उद्घाटन कुणाच्या हस्ते?"

"साहेब, वारा तर कालपासूनच येतोय."

"तेच तर! राजेसाहेबांच्या आधी आला. त्यांना काय वाटेल?"

साहेबांनी दोन्ही भोकं चिखलाने लिंपून घेतली. उद्घाटन होईपर्यंत वारा बंद.

"मग तोवर पोती खाली उतरवते," हौसाक्का म्हणाली.

"खाली मोटार आहे."

"ती बाहेर काढा ना."

"या उन्हात? रंग उडेल तिचा!"

उद्घाटन गुरुवारी ठरलं. गुरुवारी गवेराव चिखलात लोळायला गेले. मग सोमवार ठरला. सोमवारी सशांचा ढोल फुटला. त्यानंतरच्या तारखेला सगळं जमलं होतं, पण गवेरावांनी स्वागताचा हार समारंभाआधीच खाऊन टाकला, आणि हाराशिवाय समारंभ होत नाही.

अखेर सत्ताविसाव्या दिवशी उद्घाटन झालं. गवेरावांनी शिंगाने चिखल उकरला.

"मी आलो तेव्हा इथे वारा नव्हता," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. वारा आला. हौसाक्काने डोळे पुसले.

मग सांबरसाहेबांनी सागवानी फलक आणवला. 'या वायुवीजनाचे उद्घाटन माननीय गवेराव यांच्या शुभहस्ते झाले.' पश्चिमेची भिंत ओढ्याकडे होती, तिकडे कुणी फिरकत नसे. पूर्वेची भिंत पायवाटेवर होती, पण खालचा सगळा भाग गॅरेजच्या दाराने व्यापलेला. उरली आढ्याखालची जागा.

"साहेब, भोक झाकलं जाईल," खिळे पंजात धरून भिवा म्हणाला.

"फलक नसला तर इथे भोक आहे हे लोकांना कळणार कसं?"

हौसाक्का पुढे आली. "साहेब, पाया पडते. खालून आलेली हवा वरून बाहेर जायला नको का?"

"बाहेर?" सांबरसाहेब थक्क झाले. "इतक्या खटपटीने आणलेली हवा बाहेर सोडायची? असला उधळेपणा आपल्या जंगलात चालत नाही, बाई."

फलक ठोकला गेला. दुपारी तापमापक पन्नासवर आला.

"भिवा, फलकालाच बारीक भोकं पाडशील?" हौसाक्काने हळूच विचारलं.

"पाडली असती गं आक्का. पण माननीय गवेरावांच्या नावाला भोक पडू नये म्हणून खाली दोन रानकुत्रे बसवलेत."

ज्येष्ठ शुद्ध एकादशीला हौसाक्काने सत्तावीस पोत्यांतून वेचून शंभर दाणे घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि आठ दिवस पाणी शिंपडलं. नवव्या दिवशी सकाळी गोणपाट उलगडलं.

सात दाणे उगवले होते.

तात्पर्य : मुलांनो, वाऱ्यासाठी भोक पाडण्याआधी फलकाच्या मापाची मोकळी भिंत बांधून घ्यावी. हौसाक्काने ती बांधली नाही, म्हणून बियाणं गेल्याचा दोष तिचाच.